फुलाखालची वाइन : हेरेसमधले पाच दिवस

ब्रिस्टलला राहायला आल्यापासूनची कित्येक वर्षे शेरी म्हणजे नाताळच्या सुमारास शेजारच्या आजीबाई काचेच्या इवल्याशा पेल्यातून देतात ते गोड, तपकिरी आणि काहीसे खोकल्याच्या औषधाच्या वळणावर जाणारे पेय, अशी माझी समजूत होती. त्यात आजीबाईंचा दोष नव्हता. १७९६ साली याच शहरात सुरू झालेल्या हार्वीज या पेढीची ‘ब्रिस्टल क्रीम’ निळ्या बाटलीतून घरोघर पोचली, आणि क्रीम हा कोरड्या शेरीत गोड शेरी मिसळून केलेला केवळ एक प्रकार आहे, हे इंग्लंडमधली बरीच मंडळी विसरून गेली. दोन वर्षांपूर्वी एका जेवणात माझ्यापुढे थंडगार, फिकट गवती रंगाची आणि घोटासरशी जीभ कोरडी करून टाकणारी फिनो आली. हीसुद्धा शेरीच, असे यजमानांनी सांगितले, तेव्हा मी दुसऱ्यांदा पेला हुंगला आणि तरीही माझा विश्वास बसला नाही.

तो बसावा म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी दक्षिण स्पेनमधल्या हेरेस दे ला फ्रोन्तेराला पाच दिवस जाऊन आले. सोबत धाकटा भाऊ होता. तो तासगावात द्राक्षबाग सांभाळतो आणि बेदाणा करतो. ऑक्टोबरची फळछाटणी सुरू होण्यापूर्वीचे हेच थोडे दिवस त्याला मोकळे सापडतात, आणि गणपतीला घरी पोचायचेच, या बोलीवर तो आला होता.

पहिला दिवस

सेव्हियाहून हेरेसला आगगाडीने तासाभरात पोचता येते. अरबांच्या राजवटीत या गावाचे नाव शेरीश होते. १२६४ मध्ये राजा दहावा आल्फोन्सो याने ते जिंकून घेतले, पण जुने नाव वाइनला चिकटून राहिले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याची शेरी झाली. हेरेस, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांचा त्रिकोण म्हणजे शेरीचे माहेर. तिचे नाव आणि दर्जा सांभाळणारी नियामक संस्था आणि तिची नियमावली १९३५ पासून लागू आहे.

संध्याकाळी आम्ही एका ताबांकोत शिरलो. ताबांको म्हणजे पिंपातून सुटी शेरी देणारे जुने गुत्तेवजा दुकान. गुत्ता हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे, पण इथे एका कोपऱ्यात आजोबा वर्तमानपत्र वाचत होते आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक आई बाळाला भरवत होती. दुकानदाराने दोन फिनो आणि ऑलिव्हची बशी आमच्यापुढे ठेवली व आमचा हिशोब खडूने लाकडी फळीवरच मांडला. भावाने मोठ्या अपेक्षेने घोट घेतला आणि मान वळवून हळूच विचारले, “ताई, हे उतरलंय काय गं? गोड तर काहीच लागत नाही.”

उतरलेले नव्हते. त्या पेल्यातून पहिल्यांदा ओल्या कणकेचा वास येतो, मागोमाग कच्च्या बदामाचा आणि हिरव्या सफरचंदाच्या सालीचा. जिभेवर फिनो हलकी, जवळजवळ सडसडीत लागते. गिळल्यानंतर टाळूला मिठाचा भास होतो आणि किंचित कडवटपणा उरतो. नुसती प्यायली तर ती परकी वाटते. ऑलिव्ह खाऊन पुन्हा घोट घेतला तेव्हा भावाचा चेहरा बदलला, आणि तिसऱ्या ऑलिव्हनंतर त्याने आपण होऊन दुसरा पेला मागवला. निघताना आम्ही फिनोची एक छोटी बाटली विकत घेतली, तिच्यातून खोलीवर थोडी चाखली आणि उरलेली बूच लावून तिथल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवून दिली.

दुसरा दिवस

सकाळी गावाबाहेरच्या एका मळ्यात तोडणी बघायला गेलो. सूर्य वर येताच तिथली जमीन डोळ्यांना सहन होईना, कारण ती खरोखर चुन्यासारखी पांढरी आहे. तिला अल्बारिसा म्हणतात. समुद्राच्या तळाशी साठलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची ही माती हिवाळ्यातला पाऊस स्पंजासारखी शोषून घेते, आणि उन्हाळ्यात तिच्यावर कडक पापुद्रा धरत असल्यामुळे आतली ओल उडून जात नाही. वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक शरद आणि हिवाळ्यात. तोडणी संपली की ओळींच्या मधल्या जागेत आयताकृती खड्डे घेतात, म्हणजे उतारावरून वाहून जाणारे पाणी जागीच मुरते. भाऊ वेलींच्या मुळाशी वाकून ठिबकची नळी शोधत होता. ती कुठेच नव्हती. उन्हाळाभर पाण्याचा थेंब न देता वेल एवढा हिरवा कसा राहतो, हे त्याला ढेकूळ हातात घेऊन फोडून बघितल्याशिवाय पटले नाही. वरचा थर ठणठणीत कोरडा होता, आणि वीतभर खालचा बोटाला गार लागत होता.

त्याहून जास्त वेळ तो छाटणीपाशी रेंगाळला. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा वर्षात दोन छाटण्या होतात. इथे एकच, तीही हिवाळ्यात वेल झोपलेला असताना. वेलीला दोन हात ठेवतात. एका हातावर आठेक डोळ्यांची लांब काडी राखतात, तिला वारा म्हणजे छडी म्हणतात, आणि दुसऱ्यावर एखाददुसऱ्या डोळ्याचा आखूड खुंटा ठेवतात, तो पुल्गार म्हणजे अंगठा. यंदा छडीवर माल धरला की पुढच्या वर्षी अंगठ्यावरून निघालेली काडी छडी होते आणि जुन्या छडीचा अंगठा करतात. “म्हणजे एका हातानं काम करायचं आणि दुसऱ्यानं इसावा घ्यायचा,” भाऊ म्हणाला, आणि खिशातली पावती काढून तिच्या पाठीवर त्याने वेलीचे चित्र काढून घेतले. १८९४ मध्ये फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड इथे पोचली आणि सगळा प्रदेश उजाड झाला; तेव्हापासून इथेही अमेरिकी खुंटावरच कलम करतात, फक्त चुनखडी सोसणारा खुंट निवडावा लागतो. आमच्या शिवारातल्या डॉगरीज या खुंटाची आठवण निघणे ओघानेच आले.

द्राक्ष मात्र अगदी साधे. पालोमिनो ही जवळजवळ सगळ्या कोरड्या शेरीची एकमेव जात, आणि खाऊन पाहिली तर तिला ना विशेष आंबटपणा, ना सुगंध. भावाने चार मणी तोंडात टाकून, बाजारात हिला कोणी विचारणार नाही, असा निकाल दिला. तो चुकीचा नव्हता, आणि शेरीचे सारे कौतुक नेमके इथेच सुरू होते. द्राक्षाला स्वतःचे फारसे म्हणणे नसल्यामुळे पुढे पिंपात जे घडते तेच वाइनमध्ये बोलते.

ते काय घडते, हे दुपारी बोदेगात पाहिले. वाइन मुरते ते ठिकाण म्हणजे तळघर, असे मी गृहीत धरले होते. हेरेसची बोदेगा मात्र जमिनीवर उभी असते, देवळाच्या सभामंडपासारखी उंच, जाड भिंतींची, वर छपरापाशी खिडक्या आणि त्यांवर गवती चटयांचे पडदे असलेली. पश्चिमेकडून येणारा पोनिएन्ते हा दमट वारा आत घ्यायचा आणि पूर्वेचा कोरडा, तापट लेवान्ते बाहेर ठेवायचा, हा त्या बांधणीचा हेतू. खालच्या पिवळसर रेतीवर उन्हाळ्यात पाणी शिंपडतात. आत शिरताच अंगाला गारवा लागला आणि नाकाला ओल्या लाकडाचा, मातीचा आणि आंबवणाचा एकत्र वास आला.

तिथे समोरच्या बाजूला लाकडाऐवजी काच बसवलेले एक पिंप होते. सहाशे लिटरच्या पिंपात पाचशेच्या आसपास वाइन भरून वर मुद्दाम हवा ठेवतात, आणि वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टची एक पांढुरकी, सुरकुतलेली साय धरते. तिला फ्लोर म्हणजे फूल म्हणतात. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीवर असा थर दिसला असता तर आईने बरणी घेऊन थेट उकिरडा गाठला असता! इथे तोच थर वाइनचे रक्षण करतो. त्याच्यामुळे वाइनला हवा लागत नाही, म्हणून तिचा रंग फिकट राहतो. ही साय जिवंत असते आणि तिला खायला लागते. ती उरलीसुरली साखर खाते, थोडे मद्यार्क खाते आणि ग्लिसरॉलही खाते. वाइनला जो गुळगुळीत, भरलेला स्पर्श असतो तो या ग्लिसरॉलमुळे, आणि तोच नाहीसा झाल्यामुळे फिनो इतकी सडसडीत लागते. बदल्यात साय ॲसिटाल्डिहाइड मागे ठेवते. काल ताबांकोत आलेला सफरचंदाच्या सालीचा वास तो हाच.

साय धरू द्यायची की नाही, हे माणूस ठरवतो. आंबवण संपल्यावर हलक्या, नाजूक वाइनचे मद्यार्क पंधरा टक्क्यांच्या आसपास ठेवले तर फ्लोर तगते. भरदार वाइन सतरा टक्के किंवा अधिक केली की फ्लोर मरते, वाइनला लाकडातून आणि मोकळ्या जागेतून हवा लागत राहते आणि तिची ओलोरोसो होते. एकाच मळ्यातली, एकाच जातीची द्राक्षे इथून दोन वेगळ्या वाटांना लागतात.

मग पिंपांच्या उतरंडीपाशी आलो. सर्वांत खालची, जमिनीलगतची ओळ सोलेरा. तिच्यावरच्या ओळी क्रियादेरा, म्हणजे पाळणाघरे. बाटलीत भरायची वाइन फक्त सोलेरातून, आणि तीही प्रत्येक पिंपातला थोडा भागच, काढतात. तेवढी तूट वरच्या ओळीतून भरतात, त्या ओळीची तिच्यावरच्या ओळीतून, आणि सर्वांत वर यंदाची नवी वाइन येते. भरताना टोकाला बारीक भोके असलेली नळी सायीच्या खालपर्यंत सोडतात, म्हणजे फूल फाटत नाही. “मग हे कुठल्या सालचं?” भावाने विचारले. बेदाण्याचा व्यापार ज्याने आयुष्यभर हंगाम आणि लॉट यांवर केला, त्याचा हा प्रश्न साहजिक होता. साल नाहीच, असे उत्तर मिळाल्यावर तो थोडा गप्प झाला आणि मग म्हणाला, “इरजणासारखं.” मला ते फार नेमके वाटले. आमच्या आजीच्या दह्यात किती जुने दही होते, हे कोणी सांगू शकले नसते, पण रोजचे दूध त्या विरजणामुळेच तिच्या घरच्या चवीचे होत असे. फरक इतकाच की इथे भांडे कधीच रिकामे करत नाहीत, त्यामुळे स्थापनेच्या वर्षातल्या वाइनचा एखादा थेंब अजूनही तळाशी असणार.

तिसरा दिवस

बसने सानलुकारला गेलो. ग्वादालक्विविर नदी इथे अटलांटिकला मिळते. पलीकडच्या काठाला दोन्यानाच्या अभयारण्याची हिरवी रेघ दिसत राहते. १५१९ च्या सप्टेंबरमध्ये मॅगेलनची पाच जहाजे इथूनच निघाली, आणि तीन वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून त्यांतले एकच, अठरा युरोपीय खलाशांसह, इथे परतले. बाकी गाव आरामशीर आहे आणि दुपारी दोन ते पाच अक्षरशः झोपते.

सानलुकारमध्ये मुरवलेल्या फिनोच्या घराण्यातल्या वाइनला मान्सानिया म्हणतात. कॅमोमाइलच्या फुलाचेही तिथे हेच नाव आहे. द्राक्ष तेच, माती तीच, रीत तीच, आणि तरी पेला नाकाशी नेताच कालच्या फिनोपेक्षा वेगळे काही आहे हे कळते. कारण पुन्हा हवाच. समुद्र आणि नदी यांच्या ओलाव्यामुळे इथली साय वर्षभर जाड राहते, तर हेरेसमध्ये ती उन्हाळ्यात आणि कडक थंडीत विरळ होते. योगायोगाने आम्ही उन्हाळ्याच्या शेवटी गेलो होतो, म्हणून हा फरक डोळ्यांनीच दिसला: हेरेसच्या काचेमागे साय जागोजागी फाटलेली होती, इथल्या बोदेगात मुकादमाने बुचाच्या भोकातून विजेरीचा झोत टाकला तेव्हा आतला थर मलईसारखा सलग होता. त्याने वेतासारख्या बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरलेली वेनेन्सिया, म्हणजे पिंपातून वाइन काढायची लांब दांड्याची पळी, त्या सायीतून झटकन खाली घातली, म्हणजे फूल ढवळले जात नाही, आणि डोक्याएवढ्या उंचीवरून बारीक धार पेल्यात सोडली. हेरेसमध्ये हीच वेनेन्सिया लवचीक दांड्याची आणि धातूच्या पेलीची असते. एक थेंबही सांडला नाही. भावाने करून पाहिले, तेव्हा त्याच्या सदऱ्याला दिवसभर मान्सानियाचा वास येत होता.

दुपारी बाहो दे गिया या किनाऱ्यावर जेवलो. तिथली कोळंबी नुसती उकडून, जाड मीठ लावून देतात. पण मला सांगायचे आहे ते तोर्तियितास दे कामारोनेसविषयी. अगदी बारीक, सालासकट कोळंबी गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या पिठात पातळ कालवून, कढईत पसरून कुरकुरीत तळतात. हरभऱ्याचे पीठ आणि जवळ्याएवढी कोळंबी हे ऐकल्यावर रत्नागिरीच्या मामींच्या स्वयंपाकघरातली जवळ्याची भजी आम्हा दोघांनाही एकदमच आठवली. तेलकट, खारट घासावर मान्सानियाचा थंड घोट पडला की तोंड धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि हात पुन्हा बशीकडे जातो. शेरी कळायची असेल तर ती जेवताना प्यावी, आणि अंगठ्याएवढ्या पेल्यातून न पिता पांढऱ्या वाइनच्या साध्या पेल्यातून प्यावी, म्हणजे नाकाला जागा मिळते. हे मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे, कारण आजीबाईंच्या काचेच्या पेल्यांवर माझा राग आहे.

चौथा दिवस

हा दिवस थोडा वाया गेला. सकाळी एका मोठ्या बोदेगाची फेरी आधीच पैसे भरून ठरवली होती. तिचे नाव सांगत नाही. चाळीस माणसांचा घोळका, वीस मिनिटांचा चित्रपट, धावतपळत एक दालन आणि शेवटी विक्रीच्या दुकानात प्लास्टिकच्या कपातून तीन घोट, तेही कोमट. कोमट फिनो हा गुन्हा आहे. ती सात ते नऊ अंशांच्या आसपास थंड हवी.

दुपारी आगगाडीने एल पुएर्तोला गेलो. ग्वादालेते नदीच्या या बंदरातून पूर्वी शेरी जहाजांवर चढत असे, आणि समोरच्या उपसागरात काडिस दिसते, जिथे १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने धाड घालून शेरीची २,९०० पिंपे पळवली. इंग्लंडला शेरीची चटक लागण्यात त्या लुटीचा मोठा वाटा मानतात. नदीकाठी फिरलो, तळलेली मासळी खाल्ली आणि लवकर परतलो.

पाचवा दिवस

शेवटचा दिवस मी मुद्दाम तपकिरी शेरींसाठी राखून ठेवला होता. हेरेसमधल्या एका छोट्या बोदेगात, मागच्या दालनात, लाकडी टेबलावर चार पेले एका ओळीत मांडले गेले. पिंपांच्या काळ्या तोंडांवर खडूने खुणा होत्या: नाजूक वाइनला एक तिरपी रेघ, भरदार वाइनला वर्तुळ, आणि रेघ मारल्यावर मत बदलले तर तिला छेद देणारी आडवी रेघ.

पहिली आमोन्तियादो. ही आयुष्याची सुरुवात फिनो म्हणून करते. काही वर्षांनी सायीचे अन्न संपते, ती विरते किंवा मद्यार्क वाढवून तिला मारतात, आणि मग वाइनला हवा लागू लागते. पेल्यात रंग जुन्या पितळेचा होता. वास भाजलेल्या अक्रोडाचा, नारिंगाच्या सुकलेल्या सालीचा, आणि त्यामागे आजोबांच्या शिसवी कपाटाचा. डोळे मिटून हुंगल्यावर वाटते की आता गोड लागणार. जिभेवर येते ती मात्र धारदार, हाडासारखी कोरडी. सगळ्या शेरींत मला हीच सर्वांत आवडली.

दुसरी ओलोरोसो, शब्दाचा अर्थ सुवासिक. हिने साय फारशी पाहिलेलीच नाही, त्यामुळे ग्लिसरॉल शिल्लक आणि स्पर्श गोलाई असलेला. पिंपाच्या लाकडातून वर्षानुवर्षे पाणी उडत जाते आणि मद्यार्क चढत जाते. जुनी ओलोरोसो वीस टक्क्यांच्याही पुढे पोचते. भावाने ही गोड असल्याचे ठासून सांगितले. ती नव्हती, साखरेचा तो भास या गोलाईचा होता. तिसरी पालो कोर्तादो, म्हणजे खडूची ती छेदलेली रेघ: नाकाला आमोन्तियादो, जिभेला ओलोरोसो. ती आपोआप, दैवयोगाने घडते, अशा अद्भुत कथा दुकानादुकानांत ऐकवतात. आजकाल बरेच जण तिला ठरवून त्या वाटेने नेतात, आणि पेला चांगला असेल तर मला त्यात काही वावगे वाटत नाही.

यातली ओलोरोसो तीस वर्षांच्या वर्गातली होती. सोलेरात नेमके वय सांगता येत नाही, तेव्हा ही जुनी वाइन सरासरी वीस किंवा तीस वर्षांची आहे असे बाटलीवर लिहायचे तर तज्ज्ञांची समिती ती चाखते आणि कार्बन-१४ च्या परीक्षेलाही लावते. ही सोय २००० साली आली. वाइनवाल्याने आणखी एक गंमत सांगितली. आपल्याकडे ज्यांना ‘शेरी कास्क’ व्हिस्कीचे आकर्षण आहे त्यांना वाटते की ती पिंपे सोलेरातून येतात. प्रत्यक्षात सोलेराची पिंपे कोणी हलवत नाही, आणि व्हिस्कीसाठीची पिंपे मुद्दाम शेरी भरून, मुरवून तयार केलेली असतात.

चौथ्या पेल्याशी भाऊ सरसावून बसला, कारण ती पेद्रो हिमेनेस होती, बेदाण्याची वाइन. पेला तिरका केला तर काचेवर तपकिरी पडदा उरतो, वास काकवीचा, अंजिराचा आणि काळ्या मनुकांचा, आणि साखर लिटरमागे चारशे ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. द्राक्षे तोडून चटयांवर उघड्या उन्हात पसरतात आणि रात्री दव लागू नये म्हणून झाकतात. हेरेसच्या पेद्रो हिमेनेससाठी लागणारा बराच माल कोर्दोबा प्रांतातल्या मोन्तिया-मोरिलेस भागातून येतो. भावाचे डोळे चमकले आणि त्याने आमच्याकडची रीत दुभाष्याकरवी समजावली: घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत, साधारण दोन आठवडे, म्हणजे बेदाणा हिरवट-पिवळा राहतो आणि भाव मिळतो. काळा पडला की दर कोसळला. इकडे तोच काळेपणा हवा असतो. वाइनवाला ते ऐकून हसला आणि म्हणाला की त्यांचा सगळा नफा त्या कोसळलेल्या दरातच आहे.

दुपारच्या जेवणात आम्ही तिथली म्हण तपासून पाहिली: पोहते त्याला फिनो, उडते त्याला आमोन्तियादो, धावते त्याला ओलोरोसो. बैलाच्या शेपटीच्या रश्शाला आम्ही दोघांनीही नकार दिला आणि मशरूमवर आमोन्तियादो घेतली. मशरूम न उडणारे, पण जोडी सुरेख जमली. गोडाला तोसिनो दे सिएलो होते. पूर्वी वाइन निवळायला अंड्यांचा पांढरा भाग वापरत आणि बलक मठांतल्या जोगिणींना देत, त्यातून हे साखर-बलकाचे पक्वान्न निघाले, असे सांगतात. गोव्याचे बेबिंक ज्याने खाल्ले आहे त्याला हा बलकाचा सढळ हात ओळखीचा वाटेल.

सहाव्या दिवशी सकाळी खोली आवरताना फ्रिजमध्ये पहिल्या रात्रीची फिनो सापडली. साय नाही, बोदेगा नाही, नुसती अर्धी रिकामी बाटली आणि पाच दिवसांची हवा. आम्ही दोन पेल्यांत ती ओतली. कणकेचा वास गेला होता, सफरचंद मऊ पडले होते आणि रंग किंचित गडद झाला होता. फिनो आणि मान्सानिया उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत संपवाव्यात. हवेत मुरलेल्या ओलोरोसोला महिनाभर फारसे काही होत नाही. भावाने दुसऱ्यांदा हुंगले, पेला खिडकीशी धरला आणि म्हणाला, “आता मात्र उतरलंय, ताई.”